वर्गणी आणि भाडे

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नव्या वहीवर स्वस्तिक काढतो आणि सरल्या वर्षाची येणी-देणी तपासतो. आम्हा पगारदार माणसांची अशी लाल वही नसते. पण हिशेब आम्हालाही चुकलेला नाही. हा हिशेब अलीकडे थोडा विचित्र झाला आहे. पूर्वी घरखर्चाच्या यादीत धान्य, कापडचोपड, दूध, शाळेची फी अशा दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टी असत. आज त्या यादीत न दिसणाऱ्या गोष्टींची एक रांगच येऊन बसली आहे. मोबाईलचे रिचार्ज, छपरावरच्या तबकडीचे रिचार्ज, गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपचे पैसे, सिनेमे दाखवणाऱ्या अ‍ॅपचे पैसे. यांतली एकही वस्तू आपल्या कपाटात नाही. पैसे भरणे थांबले की ती घरातून निघून जाते, आणि जाताना दाराचा आवाजही होत नाही.

या खर्चाला इंग्रजीत सबस्क्रिप्शन म्हणतात, आणि मराठीत त्यासाठी ‘वर्गणी’ हा शब्द योजतात. शब्द जुना आहे, घरचा आहे, म्हणून तो फारसा कुणाला खटकत नाही. मला मात्र तो खटकतो. का खटकतो याचा शोध घेऊ लागलो की माझ्या डोळ्यांपुढे एक विस्मरणात गेलेले यंत्र येते. त्या एका यंत्राचे मोल नीट करता आले, तर बाकीच्यांचे करणे सोपे जाईल असे मला वाटते. ते यंत्र म्हणजे उपग्रहावरून कार्यक्रम झेलणारा रेडिओ.

आजच्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नाही. वर्ल्डस्पेस नावाची एक कंपनी होती. तिचे ठाणे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, सिल्व्हर स्प्रिंग या गावी; तिचे संस्थापक नोआ समारा हे मूळचे इथिओपियाचे. आफ्रिकेत एड्सचा रोग पसरत असताना त्याची साधी माहितीही खेड्यापाड्यांतल्या लोकांपर्यंत पोचत नाही, या खंतीतून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. १९९८ च्या ऑक्टोबरात आफ्रिकेसाठी ‘आफ्रिस्टार’ आणि २००० च्या मार्चात आशियासाठी ‘एशियास्टार’ असे दोन उपग्रह आकाशात गेले. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो आपल्याला एका जागी टांगल्यासारखा असतो. आमच्या वर्धा जिल्ह्यातून पाहिले तर एशियास्टार आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या मध्यापेक्षा थोडा वर असे. रेडिओला एक लहानशी चपटी अँटेना असायची. ती त्या दिशेला तोंड करून खिडकीत ठेवली की चाळीसच्या आसपास वाहिन्या खरखरीशिवाय ऐकू येत. आरंभी त्यातले पुष्कळ फुकट होते. पुढे वर्गणी आली. ती वर्षाला हजार-दोन हजारांच्या घरात असे. ए. आर. रहमान यांनी तिच्यासाठी खास धून बांधली होती. हिंदुस्थानी संगीताची ‘गंधर्व’, जुन्या हिंदी गाण्यांची ‘फरिश्ता’, मराठीची ‘सुरभी’ अशी वाहिन्यांची नावे होती. जाहिराती जवळजवळ नसत, आणि रात्रंदिवस ती चालत.

माझी पहिली नेमणूक आर्वी तालुक्यातल्या एका गावी झाली. तिथल्या मुख्याध्यापकांच्या घरी हा रेडिओ मी पहिल्यांदा ऐकला. सर निवृत्तीला आले होते. ख्यालगायनाचा त्यांना अतोनात षोक. पण त्या गावात षोक पुरवायचा कसा? मैफिली नागपूरला. ध्वनिफिती मागवायच्या तर कुणीतरी शहरात जाणारे गाठावे लागे. नागपूरच्या आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत लागे, पण ठरलेल्या वेळी आणि ठरलेली मिनिटे; विलंबित ख्याल रंगात येतो न येतो तोच निवेदकाचा आवाज ऐकू येई. विदर्भात त्या वर्षांत भारनियमनाचा कहर होता. रात्री गाव काळोखात बुडाले की सर बॅटरीवर चालणारा तो संच खिडकीशी ठेवीत, आणि मालकंसाची आलापी अंगणातल्या कडुनिंबाखाली पसरत जाई. मी कित्येकदा त्यांच्या ओसरीवर बसून ती ऐकली आहे. त्या सुखाचे मोल किती असे मला कुणी विचारले असते, तर वर्गणीच्या आकड्याहून मोठा आकडा मी बेधडक सांगितला असता.

तेव्हा पहिली गोष्ट मान्य करून टाकू. पैसे देऊन घेतलेला हा आनंद खरा होता. तो चैनीचा होता असेही मी म्हणणार नाही. शहरातल्या माणसाला जे हाकेच्या अंतरावर मिळते ते खेड्यातल्या माणसाने का मिळवू नये?

फुकटच्या रेडिओचे गोडवे गाणाऱ्यांनी एक जुनी कहाणीही आठवावी. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीचे मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान, संगीताचा भक्त. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. पण लोकांची अभिरुची हुकुमाने सुधारत नाही. लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन केंद्र लावले. बिनाका गीतमाला तिथूनच घराघरात शिरली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. लोकांना काय ऐकावेसे वाटते याचा विचार न करता लोकांनी काय ऐकावे हे ठरवणारा रेडिओ फुकट असला तरी महाग पडतो. पुढे १९७५ च्या आणीबाणीत त्याच रेडिओवर सरकारी आवाजाखेरीज दुसरा आवाज उरला नव्हता. वर्गणी भरून आपल्या आवडीची वाहिनी निवडणाऱ्या माणसाला हसण्याचा अधिकार सरकारी रेडिओच्या अभिमान्यांना या इतिहासामुळे तरी पोचत नाही.

मग खटकते ते काय?

सरांच्या शेतावर एक सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, हे आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको. एकदा तो ओसरीवर चंची सोडून बसला असताना सर त्याला त्या रेडिओची अपूर्वाई सांगत होते. आवाज किती लांबून येतो, उपग्रह कुठे आहे, कंपनी कुठे आहे, सारे सांगून झाले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “गुरुजी, याच्यात पाण्यापावसाचं काही सांगते का?”

सर म्हणाले, “नाही रे. गाणी असतात. बातम्या असतात, पण जगाच्या.”

त्याने थोडा विचार केला आणि पुन्हा विचारले, “अन् त्याचं आपल्याले आयकू येते, आपलं त्याले आयकू जाते का?”

आम्ही दोघेही हसलो. रेडिओला कुठे ऐकू जाते? पण ते हसणे ओसरल्यावर प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला, आणि तो आजवर गेलेला नाही. मला वाटते, कोणत्याही वर्गणीचे मोल करताना विचारायचा खरा प्रश्न तोच आहे. आपले त्यांना ऐकू जाते का?

वर्गणी या शब्दाचा आपला अनुभव आठवून पाहा. गणपतीची वर्गणी, भागवत सप्ताहाची वर्गणी, देवळाच्या कळसाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी. कुणी अकरा रुपये देतो, कुणी एकशे एक. पण अकरा रुपये देणाऱ्यालाही मांडवात उभे राहून “आरास यंदा चांगली नाही हो” असे म्हणता येते. कार्यकर्त्यांना ते ऐकून घ्यावे लागते. हिशेबाचा कागद देवळाच्या भिंतीवर लागतो. वर्गणी देणारा विकत घेत नसतो, तो सामील होत असतो. वाटा देणारा असतो म्हणून वाटेकरी होतो. याउलट भाडेकरू. तो खोलीचे पैसे देतो, खोलीत राहतो, सुखाने राहतो. पण भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारतो, आणि मालकाने घर विकायचे ठरवले की सामान बांधतो. भाडे देणे यात कमीपणा काही नाही. परंतु भाड्याला वर्गणी म्हटले की माणसाची फसगत होते. आपण सामील आहोत असे त्याला वाटू लागते, आणि तो सामील नसतो.

वर्ल्डस्पेसचे पुढे काय झाले ते जगजाहीर आहे. २००८ च्या ऑक्टोबरात कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्षभर गिऱ्हाईक शोधण्यात गेले. भारतातला धंदा घ्यायला कुणी पुढे आले नाही, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली. त्या वेळी या देशात तिचे चार लाखांहून अधिक वर्गणीदार होते. जगातल्या तिच्या वर्गणीदारांत सर्वांत मोठा भरणा आपलाच होता. पण निर्णय जिथे झाला तिथे या चार लाखांतल्या एकालाही जागा नव्हती. पुष्कळांच्या वर्गणीचे महिने अजून शिल्लक होते. तो काही एखाद्याचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. धंदा बुडाला की असेच होते. मला दाखवायचे आहे ते इतकेच की चार लाख वाटेकऱ्यांना असे एका रात्रीत उठवता येत नाही. चार लाख भाडेकरूंना येते.

याच्या शेजारी आपल्याच देशातली एक जुनी हकीकत ठेवून पाहा. हिंदुस्थानातला पहिला रीतसर रेडिओही खाजगी कंपनीचा होता आणि तोही वर्षाच्या पैशांवर चालायचा होता. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू केले; महिनाभरात कलकत्त्याचे. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढायचा आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा, अशी व्यवस्था होती. सगळ्या देशात मिळून आठ हजारही परवाने निघाले नाहीत, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळ्यात गेली. सरकारने ती केंद्रे चालवायला घेतली. पुढे पैशांची चणचण भासली तेव्हा १९३१ च्या ऑक्टोबरात सरकारनेही ती बंद करण्याचे ठरवले. पण आता गोष्ट निराळी होती. लोकांनी ओरड केली, सरकारला ती ऐकावी लागली, आणि नोव्हेंबरात तो निर्णय मागे घेतला गेला. परक्या सरकारचा रेडिओ, ऐकणारे मूठभर. तरी त्यांना ठोठावायला एक दार होते.

हे दार अजून आहे का? २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. पुण्याच्या बातम्यांवर ज्यांची सकाळ उजाडते अशी माणसे महाराष्ट्रात थोडी नाहीत. निषेध झाला, वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, सर्व पक्षांची माणसे बोलली आणि केंद्रीय मंत्र्यांनी आदेशाला स्थगिती दिली. या ऐकणाऱ्यांपैकी एकानेही आकाशवाणीला वर्गणी म्हणून एक पैसा भरलेला नव्हता. रेडिओचा परवाना, जो आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक दरवर्षी पोस्टात जाऊन भरत, तो १९८० च्या दशकातच संपला. तरीही ती माणसे वाटेकऱ्यांसारखी बोलली आणि त्यांचे ऐकले गेले. ज्यांनी पैसे भरले होते त्यांचे २००९ मध्ये ऐकले गेले नाही. ज्यांनी थेट काहीच भरले नव्हते त्यांचे २०२३ मध्ये ऐकले गेले. मोल आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडलेला नाही.

कुणी म्हणेल, आकाशवाणीही काही फुकट नाही. ती करांतून चालते. बरोबर आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. साबणाची वडी विकत घेणारी शेतमजूर बाई त्या वडीबरोबर कर भरते, म्हणजे आकाशवाणीची वर्गणीही भरते. ती रेडिओ ऐको न ऐको, तिचा वाटा त्यात पडलेला असतो. न ऐकणाऱ्याकडून पैसे घेणे हा अन्याय नाही का, असा प्रश्न येतो. पण गावच्या विहिरीला वर्गणी देताना आपण असे म्हणत नाही की माझ्या घरी नळ आहे, मी देणार नाही. विहीर गावाची असते. हवेच्या लहरींचेही तसेच आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितले आहे: ध्वनिलहरी ज्यांवरून वाहतात ते तरंग सार्वजनिक मालमत्ता आहेत, ते सरकारचेही नाहीत आणि पैसेवाल्याचेही नाहीत. नभोवाणीच्या क्षेत्रात मिरासदारी करू पाहणाऱ्या दोघांनाही तो निकाल सारखाच लागू पडतो.

इथे जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचा मोह होतो, आणि तो मी आवरतो. बलुत्याची पद्धत ही एका परीने वर्षाच्या वर्गणीचीच होती. सुताराने वर्षभर औते भरावीत, न्हाव्याने डोकी करावीत आणि सुगीला धान्य न्यावे. तिथे देणारा आणि करणारा एकाच गावात राहत. सुताराला आपले दुकान बंद करून मेरीलँडला जाता येत नव्हते. पण ‘जाता येत नव्हते’ या तीन शब्दांत किती माणसांचे किती पिढ्यांचे दुःख कोंडले आहे! त्याचे काम त्याच्या जन्माने ठरलेले होते. धान्य किती द्यायचे हे देणारा ठरवी. म्हणजे तिथेही ऐकू जाणे एकाच बाजूचे होते. फक्त बाजू उलटी होती. तेव्हा मला जुने परत आणायचे नाही. देणारा आणि करणारा या दोघांनाही एकमेकांचे ऐकू जावे, एवढेच मी म्हणतो.

आणि असे होऊ शकते. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. आमचा वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आमच्या वाट्याला तो आला नाही. सुमारे दीडशे गावांत ऐकणाऱ्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, सर्वांनी एकत्र बसून शेतीचा आणि गावच्या प्रश्नांचा कार्यक्रम ऐकायचा. तो संपला की चर्चा करायची. ज्या शंका उरतील त्या केंद्राकडे लिहून पाठवायच्या, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथल्या लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नव्हती. जिथे मंडळ होते तिथे ती चांगलीच पडली होती. यंत्र दोन्हीकडे एकच, कार्यक्रम एकच, लहरी त्याच. फरक एवढाच होता की एका ठिकाणी लोक ऐकत होते, आणि दुसऱ्या ठिकाणी ऐकत, बोलत आणि त्यांचे ऐकले जात होते. सरांच्या सालदाराचा प्रश्न त्या गावांतल्या कुणी विचारला असता, तर त्याला ‘हो, जाते’ असे उत्तर मिळाले असते.

या ठिकाणी ‘कुठेही नेता येणारा’ या विशेषणाचाही थोडा विचार करायला हवा, कारण या रेडिओचे ते एक मोठे आकर्षण होते. अमेरिकेत २००१ मध्ये एक्सएम आणि २००२ मध्ये सिरियस अशा दोन कंपन्यांनी हाच धंदा सुरू केला. खिशात मावणारे संचही तिकडे निघाले. २००८ मध्ये त्या दोन कंपन्या एक झाल्या आणि ती जोडकंपनी आजही चालते. ती टिकली याचे कारण मोटार. मैलोन्‌मैल एकट्याने मोटार हाकणाऱ्या माणसाला सोबत हवी असते, आणि शहरातल्या उंच इमारतींच्या आड आवाज तुटू नये म्हणून तिकडे जमिनीवरही प्रक्षेपक उभारलेले होते. आपल्याकडे ती सोय नव्हती. संच उचलून नेता येई हे खरे, पण उपग्रह आणि अँटेना यांच्यामध्ये आंब्याची एक दाट फांदी आली की गाणे थांबे. उलट, कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाया ट्रान्झिस्टर बाभळीच्या फांदीला अडकवून ठेवीत, आणि तो दिवसभर वाजे. पऱ्हाटीच्या ओळींतून पुढे सरकणाऱ्या दहा-बाराजणी नागपूर केंद्राची गाणी ऐकत. नागपूरचे हे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, आणि आमच्या जिल्ह्यातल्या तीन पिढ्यांनी ते वावरात ऐकले. मधेच हवामानाचा अंदाज लागे, आणि एखादी म्हणे, “पाणी येते म्हंते वो, उद्या लवकर निंघा लागन.” त्यांनी तो अंदाज मागितला नव्हता. गाण्याच्या मागोमाग तो आपोआप आला होता. आपल्या आवडीचेच तेवढे ऐकवणाऱ्या वाहिनीवर न मागितलेले असे काही येत नाही. आणि माणसाच्या उपयोगाच्या कितीतरी गोष्टी तो मागत नसतो.

सेवाग्राममध्ये ज्यांनी आयुष्याची महत्त्वाची वर्षे काढली त्या गांधीजींनी नभोवाणी केंद्रात पाऊल ठेवले ते एकदाच. १२ नोव्हेंबर १९४७, दिवाळीचा दिवस. कुरुक्षेत्राच्या छावणीत लाखो निर्वासित होते आणि गांधीजींना तिथे जाता येत नव्हते. म्हणून ते दिल्लीच्या केंद्रात गेले आणि त्यांच्याशी बोलले. यंत्रांबद्दलचे त्यांचे विचार आपण शाळेत शिकवतो. पण जिथे पाय पोचत नाहीत तिथे शब्द पोचवायचा होता, तेव्हा त्यांनी यंत्र नाकारले नाही. ज्याच्याजवळ काहीच उरलेले नाही अशा माणसापर्यंत ते पोचते का, ही त्यांची कसोटी असावी असे मला वाटते. नोआ समारांच्या मनातली पहिली कल्पनाही याच कसोटीला उतरणारी होती. एड्सची माहिती ज्याला मिळत नाही त्याच्यापर्यंत पोचायचे होते. पण उपग्रह सोडायला अफाट पैसा लागतो. तो पैसा परत मिळवायचा तर जो देऊ शकतो त्याच्याकडे वळावे लागते. असे वळता वळता ज्याच्यासाठी उपग्रह सोडला तो माणूस मागेच राहिला. यात मला कुणाचा कपटीपणा दिसत नाही. दिसतो तो पैशाचा स्वभाव. दाम करी काम हे खरेच, पण कुणाचे काम करायचे हेही मग दामच ठरवू लागतो.

आता माझ्याविरुद्ध काय म्हणता येईल ते मीच म्हणतो. टिकते तेच मोलाचे, असे कुठे आहे? दिवाळीची पणती एक रात्र जळते म्हणून आपण ती लावायचे सोडत नाही. सरांनी काही वर्षे मालकंस ऐकला. ते ऐकणे काही कंपनीबरोबर बुडाले नाही. पुढे ते कधीही त्या रेडिओविषयी हळहळताना मला दिसले नाहीत. “मास्तर, ऐकलं ते ऐकलं,” एवढेच ते म्हणत. शिवाय प्रत्येक गोष्ट चारचौघांत वाटून घ्यावी असेही नाही. दिवसभर मुलांच्या गलक्यात आणि सरकारी तक्त्यांत बुडालेल्या माणसाला रात्री एक कोपरा लागतो. त्या कोपऱ्याचे भाडे द्यावे लागले तर त्याने खुशाल द्यावे. भाडे नको म्हणून मालकीचा हट्ट धरावा तर त्यातही सगळे साधत नाही. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीचा ‘कारवां’ निघाला, पाच हजार जुनी गाणी पोटात भरलेला. एकदा पैसे दिले की पुन्हा वर्गणी नाही. पुष्कळ मुलांनी तो आईवडिलांना दिवाळीची भेट म्हणून आणला, आणि म्हातारी माणसे त्यावर मनापासून खूष आहेत. पण ती पाच हजार गाणी कितीही गोड असली तरी उद्या पाऊस येणार हे ती सांगणार नाहीत.

तेव्हा माझे भांडण भाड्याशी नाही. भाड्यापायी खरी वर्गणी बुडते, ती मला सलते. माझ्या आजच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची वर्षाची वर्गणी एका मोबाईलच्या महिन्याच्या रिचार्जपेक्षा कमी आहे. ती मागायला आम्ही दोघे-तिघे दिवाळीपूर्वी घरोघर जातो. दारात उभे राहिल्यावर ऐकू येते, “गुरुजी, यंदा सोयाबीन बुडालं, पुढच्या वर्षी पाहू.” सोयाबीन बुडाले हे खोटे नसते. त्या घराची ओढाताण मला ठाऊक असते, म्हणून मी दुसऱ्यांदा मागत नाही. पण आतल्या खोलीत तीन मोबाईल आणि एक तबकडी चालू असते, आणि त्यांचे पैसे चुकत नाहीत. कारण ते चुकवले की त्याच क्षणी पडदा काळा होतो. वाचनालयाचे तसे होत नाही. वर्गणी आली नाही तरी ते सहा महिने उघडे राहते, वर्षभरही राहते. मग वर्तमानपत्रे एक-एक कमी होतात, मग नवी पुस्तके थांबतात, मग दार दोनच दिवस उघडते. भाडे थकले की लगेच कळते. वर्गणी थकल्याचे कळायला दहा वर्षे लागतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

म्हणून या पाडव्याला घरच्या हिशेबाच्या कागदावर मधोमध एक रेघ ओढावी असे मी माझ्या वाचकांना सुचवतो. एका बाजूला भाडे लिहावे: गाणी, सिनेमे, रिचार्ज. त्यांतले ज्याने घरात आनंद आला ते ठेवावे, नुसतेच सवयीने चालू राहिले असेल ते काढून टाकावे. दुसऱ्या बाजूला वर्गणी लिहावी: वाचनालय, गावचा उत्सव, मुलांच्या शाळेचे स्नेहसंमेलन, एखादे मासिक. प्रत्येक रकमेपुढे त्या सालदाराचा प्रश्न लिहावा आणि खरे उत्तर द्यावे. कुठल्या बाजूची बेरीज मोठी येते ते ज्याचे त्याने पाहावे.

भाडे द्यावे, जरूर द्यावे. एखाद्या रात्री वीज गेलेली असताना खिडकीतून मालकंस ऐकू येत असेल तर त्यासाठी पैसे मोजायला कुणी संकोच करू नये. फक्त ते वर्गणी चुकवून देऊ नये.